सहा पट्ट्यांचं पाऊल

१

शनिवारी सकाळी नऊ वाजता मेदेर विज्ञान भवनाचं मागचं दार उघडायचा आणि प्रत्येक यंत्राला एकेकदा हलवून जागं करायचा. तिसऱ्या दालनातला लंबक सोडायचा. हातानं फिरवायच्या जनित्राला दोन गरके द्यायचा. मग दालनाच्या दोन टोकांना बसवलेल्या पत्र्याच्या प्रचंड वाट्यांपैकी एकीत तोंड घालून हळूच "एक, दोन, तीन" म्हणायचा. पलीकडच्या वाटीपाशी राइसा उभी असायची. ती पाहुण्यांचे कोट सांभाळायची, साठी उलटलेली होती, आणि मेदेरची थट्टा करणं हा आपल्या नोकरीचाच भाग आहे असं समजून चालायची.

"ऐकू आलं," ती तिकडून म्हणायची. "काल कांदा खाल्लास तेही कळलं."

सगळ्यात शेवटी पाऊलफळीची पाळी. सहा मीटर लांबीचा, जमिनीपासून वीतभर उंच असा तो लाकडी पूल होता. त्याच्या तीनशे आडव्या पट्ट्या, प्रत्येक दोन सेंटिमीटर रुंद, प्रत्येकीखाली स्प्रिंग. टोकाला काचेचं कपाट, त्यात तीनशे शाईच्या सुया आणि त्यांच्याखालून संथपणे सरकणारा रुंद कागद. पट्टी दबली की तिची सुई रेघ ओढायची, आणि जितके किलो वजन तितके मिलिमीटर रेघेची लांबी. बिश्केकमधला एक कारखाना बंद पडत असताना तिथल्या इंजिनिअरांनी जाता जाता हे बनवून दिलं होतं. मेदेरखेरीज त्याच्या पोटात हात घालायची कुणाची छाती नव्हती.

गर्दी मात्र हिच्यासाठीच व्हायची, कारण पाच वर्षांपूर्वी मेदेरनं एक टूम काढली होती. आमच्याकडे मूल पाऊल टाकू लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या पिळाची दोरी बांधतात, घोड्याला पायबंद घालतात तशी. लांबून पोरंपोरी धावत येतात. जो पहिला पोचेल तो पायबंद कापतो, आणि कापणाऱ्याचा गुण मुलाच्या पायाला लागतो. हा सोहळा मेदेरनं पाऊलफळीवर आणला. मुलाची पहिली मोकळी पावलं कागदावर उमटायची, कागद घरच्यांना मिळायचा, त्याची कार्बनची प्रत भवनाच्या दप्तरात जायची. लोक तोकमोकहून, काराबाल्ताहून आज्या-मावश्यांचं लटांबर घेऊन यायचे.

एप्रिलातल्या त्या शनिवारी तोकमोकच्या एका बाईचा मुलगा चालला. सतरा पावलं टाकून बुडावर बसला. टाळ्या झाल्या, त्याच्या डोक्यावरून मिठाई उधळली, पोरं फळीखाली शिरून ती वेचू लागली. मेदेरनं कागद फाडून बाईच्या हातात दिला. पाचच मिनिटांत ती परत आली.

"मेदेर बाइके," थोरल्या भावाला हाक मारतात तसं ती म्हणाली, "ही दुसरी पावलं कुणाची हो?"

मेदेरनं पाहिलं. मुलाच्या वेड्यावाकड्या रेघांच्या मागोमाग रेघांची दुसरी एक ओळ होती. नेटकी, एकसारख्या अंतरावर. ती मुलाच्या मागून सरकत आली होती आणि तो बसला तिथे, त्याच्या दहा पट्ट्या अलीकडे, थांबली होती.

"एखादी मावशी चढली असेल फळीवर," तो म्हणाला.

"आमच्या मावश्या चढल्या असत्या तर तुमची फळी शिल्लक राहिली असती का?" बाई हसत हसत निघून गेली.

मेदेरही हसला. मग त्यानं कार्बनच्या प्रतीवर मोजपट्टी ठेवली. दुसऱ्या ओळीतली प्रत्येक रेघ एकवीस मिलिमीटरची होती.

२

सोमवारी भवन बंद असतं. मेदेरनं फळीची एकेक पट्टी उचलून पाहिली. खाली धूळ, गोळ्यांचे कागद, कुणाचं तरी बटण आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीची तुसं निघाली. लोकर असणारच. पाच वर्षं इथे पायबंद कापले जात होते.

त्यानं सांध्यांचे सगळे डाख तपासले. वाळूच्या पिशव्या पट्ट्यांवर ठेवून पाहिल्या. पाच किलोला पाच मिलिमीटर, दहाला दहा. बाहेरून ट्रॉलीबस गेली की ती जुनी इमारत हादरते, म्हणून तो दीड तास कपाटापुढे स्टूल टाकून बसला. ट्रॉलीबस गेली, सुया थरथरल्या, पण रेघ एकीनंही ओढली नाही. हिवाळा संपताना लाकूड फुगतं, हेही त्यानं धरून पाहिलं. पण फुगलेलं लाकूड एका जागी फुगतं. ते चालत येत नाही.

मग त्यानं दोन पावलांमधलं अंतर मोजलं. सहा पट्ट्या. पुन्हा सहा. पुन्हा सहा. बारा सेंटिमीटर, एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. पाच वर्षांत त्यानं हजारो पावलं पाहिली होती. दारू प्यालेल्यांची, पोटुश्या बायांची, लाकडी पायाच्या एका म्हाताऱ्या शिपायाचीही. कुणाचंही पाऊल दोन-चार पट्ट्या मागेपुढे होतंच. शिवाय एकवीस किलोचं मूल एका पावलात पंचवीस पट्ट्या सहज ओलांडतं. सहाच पट्ट्यांवर अडणारं असलं पाऊल त्यानं पाहिलं नव्हतं.

हे लक्षात आलं तेव्हा त्याला हायसं वाटलं. इतकं मोजून-मापून माणूस चालत नाही, दातेरी चाक चालतं. म्हणजे दोष यंत्राचा. कागद सरकवणाऱ्या चाकाचा एखादा दात झिजला असणार. त्यानं चाक काढलं, भिंगाखाली धरलं. दात सगळे धड होते. तरी त्यानं चाक बदललं.

"काय सापडलं?" राइसानं विचारलं. सुट्टीच्या दिवशीही ती यायची, घरी करमत नाही म्हणून.

"काही नाही. यंत्र म्हातारं झालंय."

"मग त्याला भास होत असतील," राइसा म्हणाली. "मला होतात. परवा मी माझ्या मेलेल्या नवऱ्याला चहा विचारला."

ती हे हसत म्हणाली, पण मेदेरला त्या दिवशी तिचं हसणं नको झालं. चाक खोक्यात टाकून तो घरी गेला.

३

पुढच्या शनिवारी त्यानं सुयांकडे पाहायचं नाही असं ठरवलं. तो पट्ट्यांकडे पाहत राहिला.

काराबाल्ताची एक गुबगुबीत मुलगी होती, डोक्यावर घुबडाच्या पिसांची टोपी. एका हातात बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचा तुकडा, धरून ती फळीच्या मध्यावर उभी होती आणि तिचे पाय बांधले होते. दालनाच्या दारापासून सहा-सात पोरं धावत सुटली. आरडाओरडा, बुटांचे आवाज, कुणाची तरी आजी ओरडत होती, "पळ ग, पळ, माझी नात तुझ्यासारखी चपळ होऊ दे!" लांब वेणीची एक पोरगी पहिली पोचली. तिनं गुडघे टेकले आणि कात्रीनं पायबंद कापला.

त्याच वेळी फळीच्या पलीकडच्या टोकाला एक पट्टी दबली.

तिथे कुणी नव्हतं. पट्टी एखाद्या सुपारीएवढी खाली गेली, मग वर आली, आणि सहा पट्ट्या अलीकडची दबली. मग आणखी सहा पट्ट्या अलीकडची. फार घाईनं, फार छोट्या-छोट्या टप्प्यांनी ते येत होतं. पळायचं आहे पण पळता येत नाही, असं. वेणीवाली पोर अजून कात्री हातात घेऊन बसली होती. ते तिच्यापाशी आलं आणि तिच्यासमोर थांबलं.

पोरीनं कात्री आजीकडे दिली आणि ती मिठाई वेचायला पळाली. पट्ट्या तिथेच दबून राहिल्या.

काराबाल्ताच्या मुलीनं तिकडे पाहिलं. मुलं बघतात तसं, तोंड किंचित उघडं ठेवून. मग तिनं हातातला तुकडा पुढे केला.

"कुणाला देतेस ग, लबाडे?" तिची आजी म्हणाली. "आम्ही मागितला तर नाही दिलास!"

मुलीनं बोटं सोडली. तुकडा जितक्या लवकर खाली पडायला हवा होता, तितक्या लवकर पडला नाही. मेदेरला तसं वाटलं. वाटणं म्हणजे मोजणं नव्हे, असं त्यानं लगेच स्वतःला बजावलं. पण कागद फाडताना तो वेडावाकडा फाटला.

त्या दबलेल्या पट्ट्या वर यायला बराच वेळ लागला.

४

कार्बनच्या प्रती तळघरातल्या दप्तरात होत्या. पाच वर्षांच्या, शे-सव्वाशे. आजवर कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. फळीच्या पलीकडच्या टोकाला नातेवाईक उभे असतात, एखादा पाय फळीवर टेकवतात, म्हणून घरच्यांना देताना कागदाचा तेवढा भाग मेदेर नेहमी कापून टाकायचा. प्रतीत मात्र तो राहायचा.

रविवारी सकाळी तो एकटाच खाली बसला आणि नव्याकडून जुन्याकडे कागद उलटत गेला.

ती ओळ प्रत्येक कागदावर होती. या वर्षी एकवीस मिलिमीटरची रेघ. गेल्या वर्षी एकोणीस. त्याआधी सतरा, मग पंधरा, मग तेरा. पाऊल मात्र सहाच पट्ट्यांचं, कधीही. सगळ्यात जुना कागद मेदेरनं काढलेल्या टुमेच्या पहिल्याच शनिवारचा होता. त्यावर चालणं नव्हतंच. टोकाच्या दोन पट्ट्यांवर, सहा पट्ट्यांच्या अंतरानं, दोन पाय नुसते उभे होते. वजन अकरा किलो. सोहळा संपेपर्यंत ते उभे राहिले होते आणि मग गेले होते.

मेदेर वर गेला. दुसऱ्या दालनात मुलांच्या वाढीचा तक्ता टांगलेला होता. त्याच्यापुढे तो उभा राहिला, पण तक्ता वाचायची गरज नव्हती, कारण तो त्यानंच रंगवला होता. एक वर्ष नऊ महिन्यांची मुलगी: अकरा किलो. पावणेसात वर्षांची: एकवीस.

त्याची चिनार गेली तेव्हा तेरा महिन्यांची होती.

त्या उन्हाळ्यात ती भिंतीला धरून चालायला लागली होती. बुरुलनं, मेदेरच्या बायकोनं, स्वतः लोकर पिळून पायबंद केला होता. पण कापायचा कुणी? मेदेरला वाटे, मुलीच्या पायाला गुण लागायचाच तर बुद्धीचा लागावा. त्याचे विद्यापीठातले गुरुजी मोठे पदार्थशास्त्रज्ञ होते आणि ते सप्टेंबरपर्यंत नोवोसिबिर्स्कला गेले होते. "येऊ देत त्यांना," मेदेर म्हणाला. "एवढी काय घाई आहे?" बुरुल म्हणायची, "अरे, खालच्या मजल्यावरची पोरगी चांगली तुरुतुरु पळते, तिलाच कापू दे." तो ऐकेना. विज्ञानावर एवढा विश्वास असलेला माणूस, पण या बाबतीत अगदी आपल्या आजोबांच्या वरताण निघाला. ऑगस्टच्या मध्याला चिनारला ताप आला. तीन दिवसांचा ताप. गुरुजी सप्टेंबरात आले ते दुखवट्याला भेटायला आले.

पुढच्या एप्रिलात मेदेरनं पाऊलफळीवर पायबंद कापायची टूम काढली. लोक म्हणाले, कामात जीव रमवतोय बिचारा. आपण हे का करतोय ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांची पोरं मोकळी होताना पाहिली की आठवडाभर झोप लागायची, एवढंच त्याला कळत होतं.

त्यानं सगळ्या प्रती गुंडाळून काखेत मारल्या.

५

बुरुल घरी शिवायची. मोठ्या व्यापाऱ्यांकडून कापलेले झगे यायचे, ती ते जोडून द्यायची. रविवारी दुपारी तो घरी आला तेव्हा मशीन चालू होतं. गेल्या पाच वर्षांत त्या घरात सर्वांत जास्त बोलणारं तेच होतं.

मेदेरनं कागद कापायच्या टेबलावर वर्षांच्या क्रमानं पसरले आणि एखाद्या अहवालासारखं सगळं सांगितलं. वजन, तारखा, टोकापासूनचं अंतर. चाक बदलल्याचंही सांगितलं. तिचं नाव त्यानं घेतलं नाही. बुरुल शिवत राहिली.

"पाऊल बारा सेंटिमीटरपुढे जातच नाही," तो शेवटी म्हणाला. "ते तेवढं मला उलगडत नाही."

मशीन थांबलं.

बुरुल उठून टेबलाशी आली. तिनं उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा ताठ केला आणि मूठ मोजपट्टीच्या टोकाशी टेकवली. अंगठ्याचं टोक बारावर आलं.

"एवढं अंतर ठेवलं होतं मी," ती म्हणाली.

"कशात?"

"तिच्या दोन घोट्यांमध्ये."

मेदेरनं मोजपट्टीवरची ती मूठ पाहिली.

"आंघोळ घालून झाल्यावर बायका पाणी टाकायला बाहेर गेल्या," बुरुल म्हणाली. "दोरी माझ्या खिशात होती. मी बांधली. वरून कफन आलं. कुणाला कळलं नाही."

"का बांधलीस?"

"नुकतं चालायला लागली होती रे. नवी जागा. उठून चालायला लागली असती, कुठे भरकटली असती, कुणाला काय सांगितलं असतं? बोलता तरी कुठे येत होतं तिला? म्हटलं, मी येईपर्यंत फार लांब जाऊ नये. एवढंच मनात होतं माझ्या."

मेदेरला ओरडायचं होतं. पण ती दोरी पाच आठवडे फडताळात पडून राहिली ती कुणामुळे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो खाली बसला.

"म्हणजे येते ती," बुरुल कागदांवरून हात फिरवत म्हणाली. तिच्या तोंडावर असं काहीतरी आलं होतं जे मेदेरनं पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. "मोठी झाली. दर शनिवारी येते. आणि तू मला आज सांगतोस!"

"कापायला हवा तो, बुरुल."

"कापला तर जाईल ती."

"जाऊ दे."

"तू गप्प बस. एकदा तुझ्या म्हणण्यावर थांबले मी. आता तुझ्या म्हणण्यावर घाई करू?"

"ती रांगेत उभी आहे," मेदेर म्हणाला. "पाच वर्षं. दर वेळी दुसऱ्याचा पायबंद कापला जातो. दर वेळी ती धडपडत कात्रीपाशी येते आणि कात्रीवाली पोर मिठाई वेचायला निघून जाते. मी काल पाहिलं ते. तू पाहिलं नाहीस."

बुरुल मशीनवर परत बसली, पण पाय तिनं चालवला नाही.

६

शनिवारी बुरुल भवनात आली. चिनार गेल्यापासून पहिल्यांदाच. राइसानं तिचा कोट घेतला आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही तुझी बायको खरंच आहे तर," ती मेदेरला म्हणाली. "मला वाटायचं, घरी जायला निमित्त म्हणून सांगतोस."

बुरुल हसली. तिनं आपली शिवणाची कात्री, लांब पात्यांची, काळ्या मुठीची, कोटाच्या खिशातून काढून झग्याच्या खिशात ठेवली. राइसानं ते पाहिलं, आणि मग तिनं आणखी थट्टा केली नाही.

सकाळी दोन सोहळे झाले. बुरुल भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या मुलाचा पायबंद कापला गेला आणि पट्ट्या टोकाकडून दबत येऊ लागल्या तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दालनात चाळीस माणसं होती. सगळ्यांचं लक्ष त्या मुलाकडे होतं.

एक ते दोन भवन बंद असतं. राइसानं माणसं बाहेर काढली, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेरच थांबली. दालनात ऊन आलं होतं. दूर कुठेतरी लंबक झुलत होता, त्याचा दांडा वरच्या कडीत कुरकुरत होता. मेदेर कपाटाशी गेला आणि त्यानं नवा कागद लावला.

"धावत यावं लागतं," बुरुल म्हणाली. "त्याशिवाय ते खरं नाही."

"गुडघा दुखतो ना तुझा?"

"मग दुसरं कोण आहे धावणारं?"

ती दारापर्यंत गेली, चपला काढल्या आणि धावली. सत्तेचाळीस वर्षांची, जाडसर, एका पायावर लंगडत, कात्रीचं टोक खाली धरून. पळता पळता ती रडत होती की दम लागला होता ते मेदेरला कळलं नाही. ती फळीवर चढली आणि मध्यावर गुडघे टेकून बसली. तिच्या सुया खाली आल्या. अठ्ठावन्न मिलिमीटर.

"कुठे आहे?" ती म्हणाली.

टोकाच्या पट्ट्या स्थिर होत्या. काहीच होत नव्हतं. मेदेरला वाटलं, दोष यंत्राचाच होता; उद्या सगळं खोलून पुन्हा पाहू. त्या विचारानं त्याला किती बरं वाटलं आणि किती वाईट वाटलं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मग टोकाची सुई खाली आली. एकवीस.

"येतेय," तो म्हणाला. "दोनशे नव्वद. दोनशे चौऱ्याऐंशी."

पट्ट्या एकेक करून दबत, उठत होत्या. लाकडाचा बारीक आवाज येत होता, कुणी नखानं टेबलावर वाजवावं तसा. बुरुलनं कात्री खाली ठेवली नव्हती, पण दुसरा हात पुढे केला होता. दोनशे. एकशे ब्याऐंशी. एकशे अठ्ठावन्न. तिच्यासमोर, गुडघ्यांना लागून, ते थांबलं.

"तुझ्यासमोर आहे," मेदेर म्हणाला. "कात्री खाली घे. घोट्यांपाशी."

बुरुलनं पातं चालवलं. हवेतून नुसती कात्री वाजली. तिनं पुन्हा चालवली. पुन्हा नुसता लोखंडाचा आवाज.

"नाही लागत रे काही. कुठेय? नाही लागत!"

तेवढ्यात एकवीसची रेघ बंद झाली. मेदेरनं कागदाकडे पाहिलं. ती सुई उचलली गेली होती. गेली, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की बुरुलच्या गुडघ्यांखालच्या रेघा वाढल्या आहेत. अठ्ठावन्नच्या एकोणऐंशी झाल्या होत्या.

त्यानं मान वर केली. बुरुल हलत नव्हती. तिचा डावा हात वाकलेला होता, कडेवर काही घेतल्यासारखा, आणि तिच्या झग्याच्या खांद्याला एका जागी चुण्या पडल्या होत्या. मुठीत धरल्यासारख्या. छोट्या मुठीत.

"मेदेर," बुरुल अगदी हळू म्हणाली. "जड झालीय रे."

कागद सरकत होता. एकोणऐंशी. एकोणऐंशी. किती वेळ, ते त्यानं नंतर कागदावरून मोजलं. चार मिनिटं. तेवढ्या वेळात बुरुल काहीतरी पुटपुटत होती, ते त्याला ऐकू आलं नाही आणि त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. एकदा तिनं कात्री बाजूला ठेवली. मेदेरला वाटलं, आता ही कापणार नाही, अशीच बसून राहील, आणि दोन वाजता दार उघडेल. तिला अडवायचं बळ त्याच्यात नव्हतं.

मग तिनं मान खाली घातली, आपल्या मांडीवरून उजवा हात चाचपत खाली नेला आणि पुन्हा कात्री उचलली.

"पाय सापडले," ती म्हणाली. "किती गार आहेत."

तिनं कात्री चालवली. या वेळी आवाज वेगळा आला. ओल्या लोकरीतून पातं जाताना येतो तसा, करकरीत, आणि शेवटी एक छोटंसं तट्‌.

७

बुरुलच्या रेघा अठ्ठावन्नवर आल्या. समोर एक पट्टी दबली.

पुढचं पाऊल तिथून सव्वीस पट्ट्या ओलांडून पडलं.

त्याच्या पुढचं तीस पट्ट्या ओलांडून. मग पळणंच ते. पट्ट्या खडखड वाजत गेल्या, बुरुलपासून लांब, मेदेरपासून लांब, खिडकीतल्या उन्हाच्या बाजूला. आणि प्रत्येक पावलाला रेघ आखूड होत गेली. एकवीस. अठरा. तेरा. नऊ. शेवटच्या पट्टीवर सुई कागदाला जेमतेम टेकली. दालनात पुन्हा फक्त लंबकाची कुरकुर राहिली.

बुरुल फळीवर तशीच बसली होती, डावा हात अजून वाकलेला. बऱ्याच वेळानं तिनं तो सरळ केला. मग ती एकेक पाय टेकत उतरली, कपाटाशी आली आणि मेदेरच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्यानं कागद फाडून टेबलावर ठेवला.

"ही ती?"

"ही."

"ही लांबलांब पावलं?"

"पळत गेली," मेदेर म्हणाला. "छान पळत गेली."

बुरुलनं मान हलवली. तिच्या खांद्यावरच्या चुण्या अजून तशाच होत्या.

"वळून पाहिलं का तिनं?"

मेदेरनं कागदाकडे पाहिलं. जाणारा थांबला तर कागद सरकत राहतो आणि एकच सुई एकाखाली एक रेघा ओढते. वळला तर ओळ वाकते. ही ओळ बुरुलच्या गुडघ्यांपासून निघाली होती ती थेट टोकापर्यंत गेली होती. कुठे थांबली नव्हती, कुठे वाकली नव्हती. मोजलेलं खोटं सांगणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"कुठे?"

त्यानं बोट ठेवलं. चौथ्या पावलापाशी, जिथे जमलं तिथे.

बुरुल पंचवीस वर्षं सरळ रेघेवरून कात्री चालवत आली होती. सरळ रेघ कशी दिसते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती त्या बोटाकडे खूप वेळ बघत राहिली.

"इथे," ती म्हणाली.

"इथेच. जरा थांबली, वळली, मग गेली."

बाहेर राइसा कुणाला तरी सांगत होती की अजून दहा मिनिटं आहेत, दार बडवू नका, यंत्रांनाही जेवायला लागतं. बुरुलनं कात्री घेतली आणि मेदेरच्या बोटाभोवतीचा कागद हळूहळू कापू लागली.

"बोट काढ आता," ती म्हणाली, "नाहीतर तेही कापलं जाईल."

त्यानं बोट काढलं. तिनं तो तुकडा डोळ्यांजवळ धरला, मग दोन घड्या घालून झग्याच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्यावर रागावली असेल."